एका पॉवर सप्लायवर अनेक रेडिओ: रिगरनर डिस्ट्रिब्यूशन पॅनेलचे परीक्षण

हौशी रेडिओ केंद्रात दुसरा रेडिओ संच आला की त्याच्यासाठी वेगळा पॉवर सप्लाय (घरच्या विजेपासून संचाला लागणारी डीसी वीज देणारी पेटी) घ्यावा की असलेल्या सप्लायवरच दोन्ही चालवावेत, हा प्रश्न लगेच उभा राहतो. माझे मत असे आहे की एकच चांगला सप्लाय घ्यावा आणि त्याच्यापुढे प्रत्येक संचाला स्वतंत्र फ्यूज देणारे डिस्ट्रिब्यूशन पॅनेल जोडावे. अशा पॅनेलांमध्ये वेस्ट माउंटन रेडिओ या अमेरिकी कंपनीची रिगरनर मालिका बहुधा सर्वाधिक परिचित आहे आणि हे परीक्षण मुख्यतः तिच्याविषयी आहे. मात्र पॅनेलचा विचार सप्लाय, तारा आणि अर्थिंग यांच्यापासून तोडून करता येत नाही. या परीक्षणाचा बराच भाग म्हणूनच पॅनेलच्या मागे आणि पुढे काय जोडले आहे यावर खर्च झाला आहे.

रिगरनरची रचना साधी आहे. एका धातूच्या पेटीत जाड पट्ट्यांचे सर्किट बोर्ड, एक इनपुट आणि ओळीने मांडलेले अँडरसन पॉवरपोल कनेक्टर, आणि प्रत्येक आउटलेटजवळ मोटारीत वापरला जातो तसा पात्याचा फ्यूज. ४००५, ४००८ आणि ४०१२ या मॉडेलांत मुख्य फरक आउटलेटच्या संख्येचा आहे. एकूण प्रवाहाची मर्यादा ४० ॲम्पिअर आहे. आउटलेट जास्त असले म्हणून पॅनेल जास्त प्रवाह वाहून नेईल, असा समज करून घेऊ नये.

फ्यूज मोटारीचेच असल्यामुळे ते कुठेही मिळतात आणि रंगावरून ओळखता येतात: ५ ॲम्पिअरचा फिकट तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पारदर्शक आणि ३० चा हिरवा. आउटलेटकडे नुसते पाहूनही कोणत्या संचाला किती क्षमतेचा फ्यूज आहे हे कळते, आणि केंद्रात एकापेक्षा अधिक लोक काम करत असतील तर ही सोय फार मोलाची ठरते.

पॉवरपोल कनेक्टर हे या पॅनेलचे खरे बळ आहे. यात नर आणि मादी असा भेद नसतो. दोन्ही बाजूंचे तुकडे सारखेच असतात, त्यामुळे एक संच आज पॅनेलवर, उद्या बॅटरीवर आणि परवा मित्राच्या केंद्रात कोणतीही केबल न बदलता जोडता येतो. आपत्कालीन संपर्काचे काम करणाऱ्या हौशी गटांनी त्यांची एक ठरावीक मांडणी स्वीकारली आहे. कनेक्टरच्या जोडणीच्या बाजूने पाहिले असता आणि कनेक्टरची पुढे आलेली जीभ खाली ठेवली असता लाल तुकडा डावीकडे व काळा उजवीकडे असावा, अशी ती मांडणी आहे. रिगरनर तीच पाळते. ती काटेकोरपणे पाळली तर उलट ध्रुव जोडले जाण्याची भीती जवळजवळ राहत नाही. मात्र घरी केबल तयार करताना दोन तुकडे एकमेकांत सरकवण्याआधी ही दिशा प्रत्येक वेळी तपासावीच लागते, कारण उलट जोडलेली जोडीसुद्धा तितकीच घट्ट आणि नीटनेटकी दिसते.

एकाच आकाराच्या प्लॅस्टिक कवचात १५, ३० आणि ४५ ॲम्पिअर क्षमतेचे संपर्क बसतात, ही सोय आहे तशीच ती धोक्याचीही जागा आहे. बाहेरून तिन्ही सारखे दिसतात. १५ ॲम्पिअरचा संपर्क बारीक तारेसाठी असतो, आणि तो शंभर वॉटच्या संचाच्या केबलवर बसवला गेला तर कनेक्टर गरम होत राहतो, पण फ्यूज उडत नाही. ४५ ॲम्पिअरच्या संपर्कात बसणारी सर्वांत जाड तार सुमारे ५.३ चौरस मिलीमीटरची असते, म्हणून पॅनेलच्या इनपुटसाठी त्याच जाडीची तार आणि तोच संपर्क वापरावा. संपर्क तारेवर दाबून बसवण्याचे योग्य क्रिंपिंग अवजार नसेल तर तयार केबल घेणे अधिक चांगले.

आता सप्लाय किती क्षमतेचा हवा, हे पाहू. आयकॉम आयसी-७३०० या शंभर वॉटच्या एचएफ (लघुलहरी) संचाच्या विनिर्देशानुसार त्याला १३.८ व्होल्ट लागतात, त्यात १५ टक्के अधिकउणे चालते, आणि पूर्ण शक्तीवर प्रक्षेपण करताना तो २१ ॲम्पिअरपर्यंत प्रवाह घेतो. नुसते ऐकताना मात्र त्याला ०.९ ते १.२५ ॲम्पिअरच पुरतात. पन्नास वॉटचा, मोटारीत बसवायचा व्हीएचएफ-यूएचएफ (एचएफपेक्षा वरच्या वारंवारतांचा) संच प्रक्षेपणाच्या वेळी साधारण १० ते १३ ॲम्पिअर घेतो. म्हणजे चार संच चालू असले आणि त्यांतला एकच बोलत असला, तर २४-२५ ॲम्पिअरमध्ये काम भागते, आणि ३० ॲम्पिअर सतत देऊ शकणारा सप्लाय पुरेसा होतो. परंतु व्हीएचएफ संच आपोआप प्रक्षेपण करणारा असेल, उदाहरणार्थ एपीआरएसवर (स्थान आणि छोटे संदेश आपोआप पाठवणाऱ्या पद्धतीवर) किंवा पॅकेट गेटवेवर (रेडिओवरून डेटा पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर) लावलेला असेल, तर तो आपल्या बोलण्याची वाट पाहत नाही. एचएफ संच पूर्ण शक्तीवर असताना तोही सुरू झाला की मागणी ३४ ॲम्पिअरच्या पुढे जाते. एकच चालक असला म्हणून एकच प्रक्षेपण होईल, हे गृहीतक अशा केंद्रात टिकत नाही.

सप्लायवर छापलेल्या आकड्याचेही दोन अर्थ असतात. ॲस्ट्रॉनच्या आरएस-३५ या जुन्या, जड, लिनिअर (मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या) सप्लायच्या नावात ३५ आहे, पण तो सतत २५ ॲम्पिअर आणि खंडित वापरात ३५ ॲम्पिअर देतो, आणि कंपनीने हे उघडपणे सांगितलेले आहे. अलिन्को डीएम-३३०एमव्ही हा स्विचिंग सप्लाय ३० ॲम्पिअर सतत देतो आणि त्याचे व्होल्टेज ५ ते १५ पर्यंत बदलता येते. एसएसबी पद्धतीच्या आवाजी संभाषणात सरासरी प्रवाह शिखर प्रवाहाच्या बराच खाली राहतो, त्यामुळे तिथे खंडित क्षमतेचा आकडा चालून जातो. एफटी८ या डिजिटल पद्धतीत मात्र १५ सेकंदांच्या प्रत्येक खिडकीत १२.६४ सेकंद अखंड, एकाच पातळीचे प्रक्षेपण होते, एफएमचेही तसेच. ज्यांचे काम मुख्यतः डिजिटल पद्धतींचे आहे त्यांनी सतत क्षमतेचा आकडा पाहूनच सप्लाय निवडावा आणि दुसरा आकडा विसरून जावा.

मागणी क्षमतेपलीकडे गेली की काय होते, हे सप्लायच्या रचनेवर अवलंबून असते. काही सप्लाय व्होल्टेज खाली आणून प्रवाह आवरतात, काही बंद पडून पुन्हा पुन्हा सुरू होण्याचा प्रयत्न करतात. दोन्ही प्रकारांत परिणाम सगळ्या संचांवर होतो: एका संचाने केलेल्या अतिरिक्त मागणीमुळे शेजारचा, नुसता ऐकत असलेला संच बंद होऊन पुन्हा चालू होतो. पॅनेलचे फ्यूज इथे उपयोगी पडत नाहीत, कारण कोणत्याही एका आउटलेटने आपली मर्यादा ओलांडलेली नसते.

फ्यूजकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी, याविषयीही स्पष्टता हवी. पात्याच्या फ्यूजमधून त्याच्या क्षमतेच्या १३५ टक्के प्रवाह गेला तरी तो तुटायला दहा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. फ्यूज संचाच्या आतले ट्रान्झिस्टर वाचवण्यासाठी नसतो. पुढची तार तापून पेटू नये यासाठी तो असतो. त्यामुळे प्रत्येक आउटलेटचा फ्यूज संचाला लागणाऱ्या प्रवाहापेक्षा थोडा वर आणि तारेच्या सहनशक्तीच्या खाली असावा. ॲन्टेना ट्यूनर किंवा मीटरचा दिवा यांसाठी बारीक तार वापरली असेल आणि त्या आउटलेटला आधीचाच २५ ॲम्पिअरचा फ्यूज राहिला असेल, तर त्या तारेला कोणतेही संरक्षण नाही. स्वतंत्र फ्यूज हा वितरण पॅनेलचा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि तो मिळवण्यासाठी प्रत्येक फ्यूज विचारपूर्वक निवडावा लागतो.

तारांचा हिशेबही करून पाहावा. २.५ चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ७.४ मिलिओहम असतो. संच पॅनेलपासून तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर तार होते, आणि २१ ॲम्पिअरला तिच्यात सुमारे ०.९ व्होल्ट गळतात. हे नुकसान त्या एका संचापुरते राहते. सप्लायपासून पॅनेलपर्यंतच्या तारेतले नुकसान मात्र सगळे संच मिळून सोसतात: ५.३ चौरस मिलीमीटरच्या एक मीटर केबलमध्ये ३३ ॲम्पिअरला सुमारे ०.२ व्होल्ट जातात, आणि मोठ्या संचाच्या आवाजाच्या प्रत्येक चढउताराबरोबर तेवढे व्होल्टेज इतर संचांच्याही टोकाला हलत राहते. सामाईक तार शक्य तितकी आखूड आणि शक्य तितकी जाड ठेवावी. पॅनेल सप्लायच्या अगदी शेजारी बसवावे आणि लांबी हवी असेल तर ती पॅनेलच्या पुढे घ्यावी. पॅनेल संचांच्या जवळ आणि सप्लाय दूर, टेबलाखाली, अशी मांडणी दिसायला सुबक असते, पण विद्युतदृष्ट्या ती उलटी आहे.

आता ज्या मुद्द्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते त्याकडे येतो. रिगरनर आणि तिच्यासारखी बहुतेक पॅनेल फक्त पॉझिटिव्ह बाजूला फ्यूज देतात. निगेटिव्ह बाजू सर्वांची एकच असते. ही निवड योग्य आहे, आणि ती का योग्य आहे हे समजून घेतल्याशिवाय अनेक संच एका सप्लायवर जोडू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

एकापेक्षा अधिक संच असलेल्या केंद्रात संचांच्या पेट्या अनेक मार्गांनी एकमेकींना जोडलेल्या असतात: अर्थिंगच्या पट्टीने, ॲन्टेना स्विचकडे जाणाऱ्या कोॲक्स केबलच्या बाहेरील धातूच्या जाळीने, संगणकाला जोडलेल्या यूएसबी केबलने, आवाजाच्या बारीक केबलने. प्रत्येक संचाची पेटी त्याच्या निगेटिव्ह तारेशीही जोडलेली असते. आता समजा, एका शंभर वॉटच्या संचाची निगेटिव्ह तार कनेक्टरमध्ये सैल झाली किंवा तुटली. संच एकटा असता तर तो बंद पडला असता आणि दोष लगेच लक्षात आला असता. इथे मात्र तो चालूच राहतो. त्याचा वीसेक ॲम्पिअर परतीचा प्रवाह कोॲक्सच्या जाळीतून, अर्थिंगच्या पट्टीतून किंवा यूएसबी केबलच्या केसासारख्या तारेतून शेजारच्या संचाच्या पेटीत शिरतो, आणि त्या संचाच्या निगेटिव्ह तारेतून पॅनेलवर परततो. पॉझिटिव्ह बाजूचा फ्यूज शांत राहतो, कारण त्याच्यातून जाणारा प्रवाह नेहमीएवढाच आहे. जळते ती यूएसबी केबल, किंवा संगणकाचा पोर्ट, किंवा शेजारच्या संचातली सर्किट बोर्डावरची बारीक पट्टी.

अनेक संचांच्या मूळ केबलमध्ये दोन्ही तारांवर फ्यूज असतात. ती रचना मोटारीत बॅटरीशी थेट जोडणी करण्याच्या दृष्टीने केलेली असते. केंद्रात सामाईक सप्लायवर हाच निगेटिव्ह फ्यूज उडाला, तर वर वर्णिलेली स्थिती आपोआप निर्माण होते. म्हणून पॅनेलवर जोडायच्या केबलमध्ये मी फक्त पॉझिटिव्ह बाजूचा फ्यूज ठेवतो आणि निगेटिव्ह तार सप्लायपर्यंत अखंड नेतो. मोटारीतल्या जोडणीचे नियम वेगळे आहेत, ते तिथेच पाळावेत.

सगळे जोड घट्ट असतानाही परतीचा प्रवाह विभागला जातोच. आरजी-२१३ या कोॲक्स केबलच्या एक मीटर जाळीचा रोध सुमारे ४ मिलिओहम असतो, म्हणजे तो संचाच्या निगेटिव्ह तारेच्या रोधाशी तुलना करण्याइतका कमी असतो. प्रवाहाचा लहानसा का होईना, एक हिस्सा त्या वाटेने जाणारच. तो किती आहे हे पाहण्याची एक उत्तम पद्धत आहे. डीसी प्रवाह मोजणारे क्लॅम्प मीटर घ्यावे आणि त्याच्या जबड्यात संचाच्या केबलच्या लाल आणि काळ्या अशा दोन्ही तारा एकत्र धराव्यात. प्रक्षेपण करताना मीटरने शून्य दाखवले पाहिजे, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतात. जे काही दिसेल तेवढा प्रवाह भलत्या वाटेने परतत आहे. एखादा ॲम्पिअर दिसला तर काळजीचे कारण नाही. अनेक ॲम्पिअर दिसले तर काळ्या तारेचे जोड उघडून पाहावेत. हीच चाचणी यूएसबी केबलभोवतीही करावी. पॅनेलच्या कोणत्याही गुणापेक्षा ही चाचणी मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि पॅनेल विकणाऱ्यांनी तिची माहिती सोबतच्या पत्रकात द्यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता गोंगाटाविषयी. स्विचिंग सप्लाय उच्च वारंवारतेवर विजेचे तुकडे करून काम करतो, आणि त्याचे पडसाद एचएफ पट्ट्यांमध्ये ठरावीक अंतरावर ऐकू येऊ शकतात. अलिन्कोने यासाठी एक फिरवायचे बटण दिले आहे, ज्याने हा आवाज नष्ट होत नाही, पण ऐकण्याच्या जागेवरून बाजूला सरकवता येतो. एका सप्लायचा फायदा इथे निश्चित आहे: चार सप्लाय म्हणजे गोंगाटाची चार उगमस्थाने, आणि एक सप्लाय म्हणजे एकच, जिच्यावर नीट उपाय करता येतो. पण पॅनेलमुळे सर्व केबली एकत्र बांधल्या जातात आणि एका केबलवर चढलेला कॉमन मोड (दोन्ही तारांतून एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह सर्वांवर पसरतो. सप्लायच्या आउटपुट केबलचे काही वेढे ३१ क्रमांकाच्या फेराइट (चुंबकीय पदार्थाच्या) मिश्रणाच्या कड्यातून घेतले तर एचएफवर चांगला फरक पडतो. एकच वेढा घेऊन कडे नुसते अडकवून ठेवल्याने फारसे काही साधत नाही, कारण अशा कड्याचा (चोकचा) अवरोध वेढ्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीचे, यूएसबी चार्जिंग पोर्ट असलेले पॅनेल काही काळ होते. पोर्टला काहीही जोडलेले नसतानाही त्याच्या आतल्या कन्व्हर्टरचा सरसर आवाज ४० मीटर पट्ट्यावर स्पष्ट येत असे, आणि त्या पोर्टचा फ्यूज काढला की तो थांबत असे. साधा रिगरनर निवडण्यामागे माझ्यासाठी हे एक कारण होते: जे पॅनेल नुसते तांबे, फ्यूज आणि कनेक्टर आहे, ते गोंगाट करू शकत नाही. फोन चार्ज करण्याची सोय हवी असेल तर ती केंद्राच्या डीसी ओळीवर नको.

पॅनेल काय करत नाही, हेही सांगायला हवे. सप्लाय बिघडून त्याचे व्होल्टेज वाढले तर पॅनेल ते तोडत नाही. लिनिअर सप्लायमधला मुख्य ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की नियमनाआधीचे व्होल्टेज सरळ बाहेर येते, आणि ते संचांच्या १५.८ व्होल्टच्या वरच्या मर्यादेच्या बरेच पलीकडचे असते. एका सप्लायवर चार संच असतील तर चारही एकाच वेळी धोक्यात येतात. एकत्रित मांडणीविरुद्धचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो खरा आहे. त्यावर उपाय सप्लायमध्येच असावा लागतो. ॲस्ट्रॉनच्या आरएस-३५ मध्ये क्रोबार सर्किट असते, जे व्होल्टेज वाढताच आउटपुट शॉर्ट करून सप्लायचा फ्यूज उडवते. ज्या सप्लायच्या माहितीपत्रकात अतिव्होल्टेज संरक्षणाचा उल्लेख नाही, तो कितीही शांत आणि हलका असला तरी अनेक संचांसाठी घेऊ नये.

प्रत्येक आउटलेटला स्विच नाही, याची मला रोज उणीव जाणवते. न वापरलेल्या संचाला वेगळे करायचे असेल तर कनेक्टर ओढावा लागतो, आणि प्रक्षेपण चालू असताना तसे कधीही करू नये. वादळी दिवसांत सगळे संच एकाच वेळी तोडण्यासाठी मात्र इनपुटचा एक कनेक्टर काढला की पुरते. ॲन्टेना केबली अर्थातच वेगळ्या काढाव्या लागतात.

बॅटरीचा आधार जोडायचा असेल तर सामाईक पॅनेलसारखी सोयीची जागा नाही, कारण एका जोडणीने सर्व संच वीज गेल्यावरही चालू राहतात. बॅटरी पॅनेलच्या आउटलेटला थेट जोडणे मात्र चुकीचे आहे: सप्लाय बंद होताच बॅटरीचा प्रवाह त्याच्या आउटपुटमध्ये उलटा शिरू शकतो, आणि चार्जिंगवर कोणतेही नियंत्रण राहत नाही. दोन्ही स्रोत डायोडमधून (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकातून) किंवा मॉसफेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) वापरणाऱ्या आदर्श डायोड सर्किटमधून पॅनेलच्या इनपुटला आणावेत. साध्या शॉटकी डायोडमध्ये वीस ॲम्पिअरला अर्ध्या व्होल्टच्या आसपास घट होते. सप्लायच्या बाजूला ती व्होल्टेज थोडे वाढवून भरून काढता येते. बॅटरीच्या बाजूला येत नाही. चार सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे नाममात्र व्होल्टेज १२.८ असते, त्यातून डायोडचा अर्धा आणि तारांचा पाऊण व्होल्ट गेला तर संचाला ११.६ च्या आसपास मिळते, आणि आयसी-७३०० ची खालची मर्यादा ११.७ आहे. जाड तार आणि मॉसफेटचे सर्किट वापरले तर हीच बॅटरी त्याच संचाला १२.३ व्होल्टच्या वर ठेवते, आणि बॅटरीवर चालवताना प्रक्षेपणाची शक्ती निम्मी केली तर तीही अडचण उरत नाही.